पाचवं माप

बायको तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेली होती. सुनेची रजा संपत आली होती आणि तान्ह्या बाळाला पाळणाघरात ठेवायला मुलाचा जीव होत नव्हता, तेव्हा आजी निघाली. बस सुटता सुटता खिडकीतून तिनं मला विरजणाबद्दल सूचना दिल्या. रोज आठवणीनं लावा, आंबट होऊ देऊ नका, भांडं तेच वापरा. जिला विरजणाची एवढी काळजी ती बाई लवकरच परतणार, असं मी धरून चाललो. पुढं बाळाला दात आले, बाळ रांगायला लागलं, मग धावायला लागलं. आता ते फोनच्या पडद्यावर मला बघून 'आबा' म्हणतं आणि लगेच दुसरीकडं पळतं. विरजण केव्हाच मोडलं, बायको अजून पुण्यातच आहे.

मी इकडं बिदरला, दोन खोल्यांच्या घरात. सरकारी खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस, काम नाही, धाम नाही, आणि सकाळी पेपर वाचून झाला की दिवस अंगावर येतो. तिनं परत यावं, एवढंच मला हवं होतं. पण हे मी तिला सरळ कधी म्हटलं नाही. आमच्या पिढीच्या नवऱ्यांच्या तोंडून 'तुझ्याशिवाय करमत नाही' हे वाक्य निघत नाही. त्याऐवजी आम्ही 'गॅस संपत आलाय' असं सांगतो. ती म्हणायची, 'मग नंबर लावा.' मी नंबर लावायचो.

त्यात डाळीचं प्रकरण सुरू झालं. बाळाच्या पोटात फवारणीचं काही जाऊ नये असं सुनेनं ठरवलं. तिचं काही चुकत नव्हतं, पहिलं मूल म्हटल्यावर कुणालाही असंच वाटतं. पण पुण्यातल्या सेंद्रिय दुकानातून पाच-सहा पिशव्या आणल्या की मुलाचा चेहरा उतरायचा, कारण फ्लॅटचा हप्ता आधीच पगाराचा मोठा घास घेऊन जातो. तेव्हा बायकोनं फोनवर तोडगा काढला.

'अहो, आपल्याकडून पाठवा ना. गावाकडं कोण फवारतंय?'

बिदर जिल्ह्यातल्याच मेहकरला आमच्या वाटणीचं शेत होतं, ते मुलाच्या शिक्षणात गेलं. तिथं तुरीला फुलं लागली की फवारणीच्या वासानं हीच बाई डोक्याला पदर गुंडाळून बसायची. पण पुण्यात राहिलं की गाव आपोआप शुद्ध होत असावं. बोलीही तशीच निवळत चालली होती. 'अवं' जाऊन 'अहो' आलं होतं, 'कामून' जाऊन 'का हो' आलं होतं. दर महिन्याला बाईचा थोडाथोडा भाग तिकडं मुक्कामी जात होता आणि मला ते फोनवर ऐकू येत होतं.

तरी मी 'बघतो' म्हणालो. खरं सांगायचं तर काम मिळालं याचा आनंदच झाला.

पहिल्यांदा कलबुर्गीला गेलो. तिथं सेंद्रिय मालाचं दुकान निघालंय असं ऐकलं होतं. काचेचं दार, आत थंड हवा, आणि तूरडाळ कापडी पिशवीत, गळ्याला सुतळी बांधलेली, पिशवीवर बैलाचं चित्र. ज्या तुरीवर आमचा सगळा मुलूख जगतो ती तूर अशी नटूनथटून बसलेली मी प्रथमच पाहिली. किंमत वाचली आणि पिशवी हळूच जागेवर ठेवली. माझी पेन्शन म्हणजे एकाची भाकरी, लाइटबिल, गोळ्या, आणि पुण्याला थोडा हातभार. तिच्यात हा बैल बसणारा नव्हता. दुकानदारानं कन्नडात विचारलं, 'ब्याग बेका?' पिशवी हवी का, म्हणून. मी म्हणालो, पिशवीत घालायला काही नाही, आणि बाहेर आलो.

परत येताना बस मन्नाएखेळ्ळीला थांबली. हायवेचं गाव, ढाबे, ट्रक, टायरवाले, आणि रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून भाजी विकणाऱ्या बाया. त्यांच्यात एक अक्का बसली होती, माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. पुढं अंबाडी आणि हरभऱ्याची भाजी. पानं भोकाभोकांची होती, किड्यांनी खाल्लेली. जी भाजी किडे खातात ती आपल्यालाही चालते, एवढं मला मेहकरचं आठवत होतं. मी खाली उतरलो आणि विचारलं, तूरडाळ आहे का?

'हाय की. पन ती घरची हाय,' अक्का म्हणाली. 'इकायची इकून झाली.'

मला हे ठाऊक असायला हवं होतं. आमच्याकडं बहुतेक शेतांत विकायचं वेगळं आणि घरचं वेगळं असतं. बाजारात जाणाऱ्या तुरीला फवारणी होते, नाहीतर हाती काही लागत नाही. पण विहिरीजवळचा किंवा कोपऱ्यातला एखादा पट्टा बाया घरासाठी राखतात. त्यात तूर, मूग, तीळ, अंबाडी असं सगळं मिसळून टाकतात आणि तिथं फवाऱ्याचा पंप येऊ देत नाहीत. अळीनं खाल्लं तर खाल्लं, राहील ते घरचं. आणि घरचं विकायचं नसतं.

मी बाजारापेक्षा जास्त भाव देतो म्हणालो. ती चिडली.

'घरचं बी कुनी इकत असतेत व्हय अण्णा?'

बस हॉर्न वाजवत होती. मी गडबडीत नातवाचं सांगितलं, त्याचं वय, त्याचे दात, सगळं. अक्का थोडी निवळली. मग तिनं विचारलं, 'घरात खानारी तोंडं किती?'

मी मनात मोजली. मुलगा, सून, बाळ, बायको आणि मी. 'पाच.'

'मंग पुढल्या बाजारी या. इकत न्हाई मी. घरातून घरात द्यायचं तर तोंडं मोजून देत असतेत, पाच तर पाच मापं. आन् पैशे बाजारात चालू हाय त्योच भाव. जास्तीचे घेतले तर मंग ते घरचं कशाचं?'

अशी आमची सोय लागली. महिन्यातून एकदा मी मन्नाएखेळ्ळीला जायचो. अक्का घरून डाळीचं गाठोडं आणून ठेवायची आणि माझ्यासमोर पत्र्याच्या मापानं पाच मापं मोजायची. माप मोजताना ती तोंडांची नावं घ्यायची: 'हे लेकाचं. हे सुनंचं. हे बाळाचं.' ज्याला जेमतेम चार दात त्यालाही पूर्ण माप. 'हे वैनीचं,' म्हणजे माझ्या बायकोचं, आणि शेवटी, 'हे तुमचं.' वर मूठभर तीळ नाहीतर कारळ्याची चटणी असायची, तिचे पैसे विचारले तर ती ऐकू न आल्यासारखं करायची.

पाचही मापं मी पुण्याला पाठवायचो. त्यात माझं एक माप होतं हे मला कळत होतं, पण बाळाला जास्तीचं झालं तर काय बिघडलं? माझी आतडी फवारलेल्या डाळीवर पोसलेली, त्यांना आता नव्या सवयी कशाला? मी रेशनचा तांदूळ आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली डाळ खायचो. तीही रोज नाही. एकट्यासाठी कुकर लावायचा म्हटलं की हात उचलत नाही. बरेचदा चहा आणि टोस्टवर भागायचं.

पार्सल रात्रीच्या पुण्याच्या गाडीनं जायचं. पार्सल घेणारा मुसलमान गृहस्थ माझ्याच वयाचा. पोतं बघितलं की हसायचा.

'क्या साब, फिर दाल? पुणे में दुकानां बंद होगे क्या?'

मी म्हणायचो, दुकानं आहेत, पण आजोबा इकडं आहेत. तो हसून पोत्यावर नंबर घालायचा. दुसऱ्या दिवशी बायकोचा फोन यायचा. डाळ काय शिजली म्हणून सांगायची, बाळानं वाटी चाटून पुसून खाल्ली म्हणून सांगायची. तिचा आवाज इतका समाधानी असायचा की त्या आवाजापुढं 'परत कधी येतेस' हा प्रश्न मला शोभेना. माल जितका चांगला पाठवावा तितकं तिचं तिकडं बरं चालायचं. तिला तिकडं राहण्याची रसद मीच पुरवत होतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पोतं शिवत होतो. दाभणात सुतळी ओवली आणि पुढं शिवायला लागलो.

अक्काचा समज असा झाला होता की आम्ही पाचहीजण बिदरच्या घरात राहतो. मी तसं सांगितलं नव्हतं, तिनं धरलं होतं. मी ते मोडलं नाही. ती विचारायची, 'वैनीनं अंबाडी कशी केली?' मी म्हणायचो, ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी. 'बाळानं खाल्ली?' खाल्ली, अंगावर सांडून घेतली. बस येईपर्यंत मी तिच्या पोत्याशेजारी दगडावर बसून माझ्या भरलेल्या घराचं वर्णन करायचो. सुनेला तिखट सोसत नाही, मुलगा उशिरा जेवतो, बायको शेवटी बसते आणि पातेल्यातलं खरवडून खाते. त्यातलं पुष्कळसं खरंच होतं, फक्त ते पुण्यात चाललं होतं. त्या अर्ध्या तासासाठी मी महिनाभर वाट बघायचो. दुसरं कुणी मला घरचं काही विचारत नव्हतं.

मार्गशीर्ष संपत आला तेव्हा अक्का म्हणाली, 'येळवशीला समद्यायला घेऊन या शेतात. बाळाला आंबील पाजू.'

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागातली गावंच्या गावं शेतात जेवायला जातात, बाजारपेठेत कुत्रं फिरकत नाही. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात आणि तिच्यासमोर पंगत बसते. अक्का आमच्याच समाजातली, बुद्धाला मानणारी. बाकीच्यांसारखे आमच्यात कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पुजत नाहीत. पण पालेभाज्या आणि ओले दाणे एकत्र शिजवलेली भज्जी आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील सोडायला आम्हाला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं.

त्या संध्याकाळी मी बायकोला फोन केला आणि या वेळी गॅसचं काही बोललो नाही. म्हणालो, 'येळवशीला या सगळे. जिची डाळ खाता तिनं बोलावलंय.' ती म्हणाली, 'किती वर्षं झाली हो भज्जी खाऊन.' दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. मुलगा गाडी काढतोय, सुनेनं रजा टाकलीय, येतो.

मग काय विचारता. मी फडताळं पुसली. बाळाचा हात पोचेल तिथून गोळ्यांच्या बाटल्या उचलून वर ठेवल्या. पाहुण्यांच्या चादरी उन्हात घातल्या. शेजाऱ्याकडून मागून विरजण आणलं आणि तिच्याच भांड्यात लावलं. दही असं लागलं की मी झाकण दोन-तीनदा उघडून बघितलं.

आदल्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला. सुनेची रजा नामंजूर झाली होती. 'बाळाला सोडून आईला येता येणार नाही, बाबा. तुम्हाला कळतंय ना?' मला कळत होतं. आजवर सगळं मलाच कळत आलंय. रडू आलं नाही, राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून उन्हातल्या चादरी तशाच गुंडाळून कपाटात कोंबल्या.

जायचंच नाही असं ठरवलं होतं. पण तिकडं पाचजणांचं अन्न शिजणार होतं, आणि मी घरात तोंड लपवून बसणं बरं दिसलं नसतं. सकाळी उठून गेलो.

अक्काचं शेत हायवेला लागूनच. कोपीत बुद्धाची तसबीर टेकवलेली, पुढं मेणबत्ती. आंबिलीच्या मडक्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. भज्जीचं पातेलं एवढं मोठं की दोघांनी उतरवावं, शेजारी बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे. अक्काची मुलं, सुना, नातवंडं सगळी जमलेली. आणि सावलीच्या बाजूला, चांगली जागा बघून, पाच पत्रावळी ओळीनं मांडलेल्या. त्यातल्या एका पत्रावळीपुढं छोटी वाटी होती.

'एकलेच? बाकीचे मागून येयलेत व्हय?' अक्कानं विचारलं.

'अक्का, कुणी येणार न्हाई,' मी म्हणालो. 'ते सगळे पुण्याला असतेत. पहिल्यापासूनच. घरात मी एकटाच हाय.'

आता ती बोलेल, निदान हसेल, असं वाटलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पत्रावळींकडं. तिची सून त्या उचलायला वाकली तर तिनं हातानं थांबवलं. 'मांडलेलं पान उचलत नसतेत येळवशीला,' ती म्हणाली, आणि पदर खोचून थेट रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. येळवशीला वाटसरूला हाका मारून जेवायला बसवतात, त्यात नवल काही नाही. तिनं एक ट्रक थांबवला. त्यातून तेलुगू बोलणारे दोन ड्रायव्हर उतरले. मग मोटरसायकलवरून जाणारं एक नवरा-बायकोचं जोडपं आलं, मागं विकायच्या कपड्यांचं भलंमोठं गाठोडं बांधलेलं. चारही पानं भरली.

मी त्यांच्याबरोबर जेवलो. मुलाच्या आणि सुनेच्या पानावर ते दोघं ड्रायव्हर होते. कापडवाला छोट्या वाटीतून आंबील पीत होता. बायकोच्या जागी बसलेली ती अनोळखी बाई मला म्हणाली, 'काका, उंडा कुस्करून घ्या की भज्जीत, असा कोरडा कशाला खाताव?' भज्जी फार चांगली झाली होती. मला भूक नव्हती, तरी मी दोनदा वाढून घेतलं, कारण अक्का समोर उभी होती.

त्यानंतरच्या महिन्यात मन्नाएखेळ्ळीला जायची मला लाज वाटत होती. बाळाची डाळ संपत आली म्हणून गेलो. अक्कानं नेहमीसारखं माप काढलं. लेकाचं, सुनेचं, बाळाचं, वैनीचं. ती चार मापं पोत्यात गेली. पाचवं तिनं वेगळ्या फडक्यात ओतलं आणि गाठ मारली.

'इतके दिस तुमी काय खायलाव?'

'रेशनचं. मिळेल ते.'

'मंग पाचवं माप कुनाच्या पोटात जायलंय?' तिनं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. 'मी तोंडं मोजून द्यायले. हे तुमच्या तोंडाचं हाय. हे गाडीवर घालायचं न्हाई.'

मी घातलं नाही. चार मापांचं पोतं गेलं. दोन दिवसांनी सकाळी बायकोचा फोन आला. अक्काकडची डाळ कमी पडली का, तिनं विचारलं, पोतं हलकं लागलं म्हणे.

'कमी पडली न्हाई. माझी मी ठेवून घेतली.'

'तुमची म्हणजे?' आणि मग तिला कळलं. 'म्हणजे आतापर्यंत तुमच्या वाटणीची बी आम्हीच...? अवं, तुमी काय खायला होताव मग? बोलला कामून न्हाई?'

मी स्वयंपाकघरात उभा होतो, ओट्यावर फडकं सोडून ठेवलेलं. म्हणालो, 'आत्ता लावायलोय. एकट्याला डाळ किती घालायची, ते सांग.'

पलीकडं बाळानं काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

'मला न्हाई सांगता यायचं,' ती म्हणाली. 'एकट्याची डाळ मी कदी शिजवलीच न्हाई वो.'

मी कुकरचं भांडं पुढं ओढलं.

'दोघांची लावा,' ती म्हणाली. 'दोन मुठी. राहिली तर संध्याकाळी खावा.'

मी दोन मुठी धुतल्या, हळद घातली, कुकरचं झाकण लावलं. आणि गॅस पेटवता पेटवता माझ्या तोंडून निघून गेलं, 'तुझ्याबिगर करमत न्हाई मला.'

येते असं ती म्हणाली नाही. तिला येता येण्यासारखं नव्हतं, ते मलाही माहीत होतं. पण तिनं फोनही ठेवला नाही. आम्ही दोघंही कुकर ऐकत राहिलो. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली. तिसरीच्या वेळी तिकडं बाळ रडायला लागलं, तेव्हा ती 'गॅस बंद करा आता' म्हणाली आणि गेली.

मी गॅस बंद केला.